हिरवा दिवा दिसेपर्यंत

पहाटे पाच

हैदराबाद, शनिवार, ११ फेब्रुवारी २०२३. हुसेनसागराच्या काठचा एनटीआर मार्ग पूर्ण रिकामा. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत, भिंतीवर पोलादी जाळी आणि मध्ये नुकता झाडून घेतलेला रस्ता. दुपारी तीनला इथे अकरा संघांच्या २२ गाड्या उभ्या राहणार. सगळ्या विजेवरच्या, फॉर्म्युला ई मालिकेतल्या. ग्रेटर नॉइडातली ग्रां प्री २०१३ साली बंद झाली, त्यानंतर भारतात होणारी ही पहिलीच जागतिक विजेतेपदाची मोटारशर्यत, तीही खास बांधलेल्या ट्रॅकवर नव्हे तर शहराच्या चालत्या रस्त्यांवर. २.८ किलोमीटरचा फेरा, अठरा वळणं.

मी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात काम करतो. राहायला बोईसरला. रजा काढून इथे मार्शल म्हणून, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे आणि सुरक्षा सांभाळायला आलोय, बिनपगारी. बोईसरहून लोकलने दादर, तिथून सीएसएमटी आणि मग रात्रीची हुसेनसागर एक्स्प्रेस. ज्या तळ्याचं नाव गाडीवर, त्याच तळ्याकाठी काम, याचा मला प्रवासभर आनंद होत होता.

साडेपाच

हजेरी, नारिंगी कपडे, गळ्यात शिट्टी, हातात पाण्याची बाटली. मग पोस्टप्रमुखांभोवती सगळे गोल करून उभे. पोस्टप्रमुख चेन्नईचे, पन्नाशीतले, आवाज अगदी शांत. त्यांनी सांगितलेले नियम असे: ट्रॅककडे पाठ करायची नाही. एकट्याने काही करायचं नाही, नेहमी जोडीने. मोबाइल पिशवीत. आणि नियंत्रण कक्षाचा हुकूम रेडिओवर आल्याशिवाय, समोर काहीही दिसलं तरी, भिंत ओलांडायची नाही.

आमच्या कारखान्यात पहिल्या पाळीला हेच होतं, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. आज काय काम, कुठे धोका, परमिट कुणाकडे, फायर वॉचला कोण, भोंगा झाला तर कुठे जमायचं. नव्या कामगाराला त्याचा कंटाळा येतो. एखादी आग जवळून पाहिली की तो कान देऊन ऐकायला लागतो. तारापूरच्या पट्ट्यात आग आणि स्फोट ही लांबची बातमी नाही. सरावली, खैरापाडा, कोलवडे, कुंभवली, कुठल्याही वस्तीत रात्री मोठा आवाज झाला की माणसं आधी खिडकीतून धूर कुठल्या बाजूला आहे ते बघतात.

सात

आता भिंतीची तपासणी. दिवसातलं हे काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि दूरदर्शनवर ते कधी दिसत नाही. ठोकळे एकमेकांना नीट जोडलेत का, जाळीचे बोल्ट घट्ट आहेत का, दोन जाळ्यांच्या सांध्यात फट राहिलीय का. मार्शलला झेंडा दाखवायला, आत-बाहेर करायला मोकळी जागा ठेवावीच लागते. नेमकी तीच जागा घातक ठरते. ४ मार्च २००१ रोजी मेलबर्नच्या आल्बर्ट पार्कमध्ये झाक व्हिलनव्हची गाडी राल्फ शूमाकरच्या गाडीवर मागून चढली, चाक निखळलं आणि कुंपणातल्या अशाच एका मोकळ्या जागेतून आरपार आलं. पलीकडे ग्रॅहम बेव्हरिज हा स्वयंसेवक मार्शल उभा होता. तो गेला. माझ्यासारखाच सुट्टीच्या दिवशी हौसेने काम करायला आलेला माणूस. म्हणून प्रत्येक सांध्यावर मी हात फिरवून पाहतो, नुसत्या नजरेवर सोडत नाही.

त्यानंतर रस्त्यावरची झाकणं. बांधीव ट्रॅकवर हा प्रश्न नसतो. शहराच्या रस्त्याखाली गटारं असतात, पाण्याच्या वाहिन्या असतात, केबल असतात, आणि या प्रत्येकाला वर एक लोखंडी झाकण असतं. जमिनीला चिकटून सुसाट जाणारी गाडी खालची हवा ओढते आणि तिच्याबरोबर झाकण उचललं जाऊ शकतं. म्हणून ती आधीच पक्की करून टाकतात. पुढे २०२३च्याच नोव्हेंबरात लास वेगासला, फॉर्म्युला वनचा पहिला सराव सुरू होऊन जेमतेम आठ मिनिटं झालेली असताना, पाण्याच्या वाहिनीवरचं एक झाकण निसटलं आणि त्याने कार्लोस साइन्झच्या फेरारीचं पोट फाडलं. एवढा पैसा ओतलेली शर्यत, आणि अडली एका झाकणापाशी. ती बातमी वाचताना मला हैदराबादची ही सकाळ आठवली. आमच्या टप्प्यातल्या झाकणांवर आम्ही दोघांनी बूट दाबून, वाकून पाहिलं होतं.

पावणेआठ

विजेच्या गाडीचा धडा पुन्हा एकदा. पेट्रोलच्या गाडीला अपघात झाला की आग दिसते, वास येतो. या गाडीत तसं काहीच न दिसता शेकडो व्होल्टचा धोका असू शकतो. त्यासाठी गाडीवर एक दिवा असतो. हिरवा असेल तर हात लावायचा. लाल असेल तर लांब. दिवाच बंद असेल तर लाल समजायचा. चालकालाही बजावलेलं असतं: लाल दिवा असताना उतरायची वेळ आली, तर एक पाय गाडीवर आणि एक जमिनीवर असं कधी करायचं नाही, दोन्ही पायांनी लांब उडी मारायची. आणि आम्ही हात घालायचा तो जाड रबरी मोजे चढवूनच.

हे ऐकताना मला आमची कुलपं आठवली. कारखान्यात मोटारीवर काम निघालं की वीज तोडून स्विचला कुलूप लावतात. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं कुलूप, आणि चावी ज्याच्या त्याच्या खिशात. शेवटचा माणूस बाहेर येऊन स्वतःच्या हाताने कुलूप काढेपर्यंत मोटार सुरू होत नाही. साहेब ओरडला तरी नाही. बोईसरमध्ये अर्ध्या घरांत कुणी ना कुणी वीज, वाफ किंवा रसायन यांच्याजवळ काम करून पोट भरतं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली आमच्याच तारापूरला सुरू झालं. न दिसणाऱ्या गोष्टीला मान देऊन वागणं आमच्याकडची पोरं लहानपणापासून बघत आलीत. असा माणूस उत्तम मार्शल होऊ शकतो, हे मला त्या सकाळी स्पष्ट दिसलं.

सकाळचा सराव

गाड्या सुटल्या. या गाड्यांची कमाल शक्ती ३५० किलोवॅट, वजन चालकासकट ८४० किलो, आणि मागच्या चाकांना नेहमीचे ब्रेकच नाहीत. वेग कमी करताना मोटारच जनित्रासारखी चालून वीज परत बॅटरीत भरते. आवाज मात्र नुसती शीळ आणि वळणावर टायरचं किंचाळणं. फॉर्म्युला वनची गाडी अर्ध्या मैलावरून कळते. ही कळते तेव्हा ती जवळ आलेली असते. म्हणून कानावर विसंबता येत नाही. झेंडेवाल्या जोडीतला एक येणाऱ्या गाड्यांकडे बघतो, दुसरा पुढच्या पोस्टकडे, आणि शिट्टी कायम ओठांपाशी.

पावणेअकराच्या सुमारास पात्रता फेरी. अकरा-अकराचे दोन गट, त्यांतले पहिले चार-चार पुढे, मग दोघा-दोघांच्या लढती. जॅग्वारच्या मिच इव्हान्सने पहिली जागा मिळवली. आमच्या वळणावर काही घडलं नाही. मार्शलची सकाळ चांगली गेली, असं अशा वेळी म्हणतात.

बारा

डबा आला. सावलीत बसलो तर समोर परांची बांधलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. १२५ फूट उंच, अजून अनावरण व्हायचं होतं, ते दोन महिन्यांनी १४ एप्रिलला झालं. शिल्प धुळे जिल्ह्यातल्या राम सुतारांचं. शेजारच्या मार्शलना मी हे अभिमानाने सांगितलं. पलीकडे तळ्यात बुद्धाची मूर्ती, इकडे बाबासाहेब आणि मधून शर्यतीचा रस्ता. दुसरीकडे लोक सचिन तेंडुलकर आलाय म्हणून धावत होते.

मोबाइल काढला तर घरून आईचा निरोप, जेवलास का म्हणून. आणि पाळीतल्या सहकाऱ्याचा फोन.

"भाऊ, ड्रिल झाली. सगळे वेळेत असेंब्ली पॉइंटला आले. टँकर पार्किंगवाले तेवढे उशिरा."

"त्यांना भोंगा ऐकू गेला का?"

"तोच प्रश्न आहे. वारा उलटा होता."

"मग तिकडे दुसरा भोंगा लागेल. लिहून ठेव, सोमवारी बसू."

डबा संपवताना एक गोष्ट मात्र टोचत होती. हे रस्ते काही दिवस बंद होते आणि शहराचे लोक वाहतुकीच्या कोंडीत अडकून वैतागले होते. माझ्या लॉजजवळच्या चहावाल्याने ते मला चार शब्दांत ऐकवलं. त्याचं बरोबर होतं. शर्यत रस्त्यावर घ्यायची तर रस्ता कुणाकडून तरी घ्यावा लागतो, आणि तो ज्याच्याकडून घेतला त्याला दिवस, वेळ, पर्यायी वाट आधी नीट सांगणं हे शर्यत घेणाऱ्याचं पहिलं काम. आमच्याकडे शटडाऊन घेताना शेजारच्या कारखान्याला कळवावं लागतं. शहर त्याहून मोठा शेजारी आहे.

तीन

सुरुवात. बावीस गाड्या पहिल्या फेरीत आमच्यासमोरून गेल्या तेव्हा जाळी थरथरली आणि डांबराचे बारीक कण तोंडावर आले. नंतरचा पाऊण तास मी शर्यत पाहिली असं म्हणता येणार नाही. मार्शलला त्याचं एक वळण दिसतं. कोण पुढे, कोण मागे हे प्रेक्षकांना कळतं, आम्हाला रेडिओवरचे तुकडे. तशाच एका तुकड्यात कळलं की लांबच्या हेअरपिनवर सॅम बर्ड ब्रेक मारताना घसरला आणि स्वतःच्याच संघातल्या इव्हान्सवर आदळला. पहिल्या जागेवरून सुटलेला माणूस बाहेर, आणि एका संघाच्या दोन्ही गाड्या बाद.

आमच्याकडे पिवळा झेंडा वर गेला तो एका घसरलेल्या गाडीसाठी. ती भिंतीच्या तोंडाशी तिरपी थांबली. माझ्या जोडीदाराचे गुडघे वाकलेले, हात भिंतीवर, उडी मारायच्या बेतात. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, जीव ओवाळून टाकायला तयार.

त्याला आदल्या रात्री मी क्यालामीची गोष्ट सांगितली होती. ५ मार्च १९७७, दक्षिण आफ्रिकेची ग्रां प्री. एक गाडी ट्रॅकच्या कडेला थांबली, तिला लहानशी आग लागली. पलीकडून दोन मार्शल परवानगी न घेता ट्रॅक ओलांडून धावले. मागचा फ्रेडरिक यान्सन व्हान व्ह्यूरेन, वय १९, हातात जड अग्निशामक. चढावापलीकडून गाड्या येत होत्या, त्याला त्या दिसल्या नाहीत आणि चालकांना तो दिसला नाही. टॉम प्राइसच्या गाडीने त्याला उडवलं, त्याच्या हातातला अग्निशामक प्राइसच्या डोक्यावर आदळला. दोघेही जागीच गेले. ज्या गाडीसाठी तो धावला तिचा चालक सुखरूप उतरला होता.

आमच्या वसाहतीतही मी हे पाहिलंय. टाकीत उतरलेला माणूस वायूने पडतो आणि त्याला काढायला दुसरा तसाच उतरतो. मदतीला धावणाऱ्याचा जीव जातो तो चांगुलपणामुळे नव्हे, मध्ये एक श्वास न थांबल्यामुळे. आपल्याकडे शूर माणसांची कमी नाही. त्यांना थांबायला शिकवणं हे माझं आयुष्याचं काम आहे, तारापूरला आणि इथेही.

रेडिओ खरखरला. दिवा हिरवा. चालकाने स्वतःच गाडी मागे घेतली आणि तो निघून गेला. भिंत ओलांडावी लागली नाही. मुलगा खाली बसला आणि पाणी प्यायला.

शेवट

जाँ-एरिक व्हर्न जिंकला. बॅटरीत वीज जेमतेम उरलेली असताना त्याने निक कॅसिडीला शेवटपर्यंत मागे ठेवलं, अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी. तिसरा आलेला सेबास्तियां बुएमी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरली म्हणून मागे ढकलला गेला आणि अन्तोनियो फेलिक्स द कोस्टाला जागा मिळाली. आपल्या महिंद्र संघाचा ऑलिव्हर रोलंड सहावा. मुंबईचा जेहान दारूवाला त्या वेळी महिंद्रचा राखीव चालक होता. पुढच्या हंगामात मासेरातीकडून तो स्वतः फॉर्म्युला ईच्या शर्यतींत उतरला.

शर्यत संपली की चालक एक संथ फेरी मारतात, आणि त्या फेरीत सगळे मार्शल सगळे झेंडे एकदम हलवतात. मीही हलवले. एका चालकाने जाताना हात वर केला. तो आमच्यासाठीच होता.

सहा

झेंडे मोजून परत, मोजे परत, रेडिओ परत. तोवर क्रेन आल्या होत्या आणि भिंतीचे ठोकळे उचलून ट्रेलरवर चढवले जात होते. पोस्टप्रमुखांनी प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, पुढच्या वर्षी या.

पुढच्या वर्षी शर्यत झाली नाही. राज्यात सरकार बदललं आणि जानेवारी २०२४ मध्ये ती रद्द झाल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी ऑगस्टअखेर चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवती रात्रीची रस्त्यावरची शर्यत झाली, तिथे एक कुत्रा ट्रॅकवर शिरला आणि खेळ थांबवावा लागला. मग २०२५ मध्ये नवी मुंबईत पाम बीच रस्त्याच्या भागात अशी शर्यत घेण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रात ती जेव्हा केव्हा उभी राहील, तेव्हा भिंतीशी उभी राहणारी माणसं बाहेरून आणायची गरज नाही. तारापूर, तळोजा, पाताळगंगा, रसायनी या पट्ट्यांत ती रोज पहिल्या पाळीला हजर असतात.

माझ्या पाळीतल्या दोघांनी नाव कुठे द्यायचं ते विचारून ठेवलंय. चार मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना झेंडे शिकवतो. पिवळ्यापासून सुरुवात केली आहे.