करपलेली हिरवळ

एका शाळेपुढे हरळीची लहानशी हिरवळ होती. स्नेहसंमेलन पंधरा दिवसांवर आले, तेव्हा हिरवळ अधिक गर्द दिसावी म्हणून मुलांनी तिच्यावर युरिया टाकला. मूठभर खताने गवत वाढते, तर ओंजळभर खताने ते दुप्पट वाढेल, असा त्यांचा हिशेब होता. पण तिसऱ्या दिवशी पाहतात तो काय! हिरवळीवर पिवळे पट्टे उमटले होते आणि त्यांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या होत्या. जणू कोणी गवतावर निखारेच पसरले होते.

खत हे गवताचे पोषण. मग पोषणानेच गवत कसे करपले?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. फोडीच्या बाहेर मिठाचे प्रमाण अधिक, आत कमी. म्हणून पेशींच्या पातळ पडद्यातून आतील पाणी बाहेर येते. या क्रियेला परासरण म्हणतात. एरवी मुळांच्या पेशींतील रस जमिनीतील पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी मुळांत शिरते. परंतु खत फार झाले, की मुळांभोवतीचे पाणीच अधिक दाट होते. मग मुळांना पाणी मिळणे तर दूरच. उलट त्यांच्यातील पाणी बाहेर ओढले जाते. ओल्या जमिनीत उभे असूनही गवत तहानेने वाळते. शिवाय युरियापासून जमिनीत अमोनिया तयार होतो. तो अधिक झाल्यास कोवळ्या मुळांना इजा करतो.

युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. म्हणून १०० चौरस मीटर हिरवळीला एका वेळी सुमारे १ किलोग्रॅम युरिया पुरतो. म्हणजे चौरस मीटरला जेमतेम १० ग्रॅम!

शाळेचे माळीबुवा मुलांवर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "बाळांनो, आधी झाडू घ्या, मग झारी." कोठे कोठे खताचे दाणे अजून तसेच पडले होते. मुलांनी ते कोरडे असतानाच झाडून गोळा केले. यामागे मोठे कारण होते. हिरवळीच्या उताराला शाळेची विहीर होती. पाण्याबरोबर मुरलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पिण्याच्या पाण्यात १ लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक आहे. कारण त्याच्या अतिरेकाने तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. उचललेला प्रत्येक दाणा विहिरीच्या वाटेवरून दूर झाला होता.

नंतर उताराच्या बाजूला मातीचा बांध घातला आणि पाणी देण्यास आरंभ झाला. रोज सकाळी चौरस मीटरला सुमारे २५ लिटर पाणी सावकाश मुरू दिले. एक आठवडा हा क्रम चालला. त्यामुळे साचलेले खत विरघळून मुळांच्या खाली गेले. या काळात गवत कापले नाही आणि कोणतेही नवे खत घातले नाही.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी तपकिरी पट्टे सर्व पाहुण्यांना दिसले. मुलांच्या माना खाली गेल्या. पण माळीबुवांनी हरळीची एक कांडी नखाने खरवडून दाखविली. पेराजवळ ती आतून हिरवी होती. हरळी अशा पेरांतूनच पुन्हा फुटते. जेथे कांड्या पार वाळल्या होत्या, तेथे मेलेले गवत काढून माती भुसभुशीत केली, तिच्यात कुजलेले शेणखत थोडे मिसळले आणि दुसरीकडच्या कांड्या आणून लावल्या.

हिरवळ लहान होती, म्हणून हे साधले. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील ऊसपट्ट्यात पाण्याचा अतिरेक, अपुरा निचरा आणि बेसुमार खते यांमुळे पुष्कळ जमीन क्षारपड झाली आहे. तेथे चर खणून व जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून क्षार बाहेर काढावे लागतात आणि त्या कामाला वर्षे लागतात.

अति तेथे माती, असे जुने लोक म्हणत. येथे तर मातीलाही अति सोसले नाही. शिमगा आला तेव्हा करपलेल्या पट्ट्यांतून बारीक हिरवी पाती वर आली होती. खताच्या पोत्याजवळ आता एक छोटा तराजू ठेवलेला असतो.