बऱ्या झालेल्या मुलांचे पाय

पनवेलजवळच्या सुकापुरात भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबांत आता कर्करोगावर उपचार घेणारी मुलंही दिसतात. टाटा कर्करोग रुग्णालयाचं खारघरचं केंद्र इथून जवळ आणि खारघरच्या मानानं इथलं भाडं कमी. अशाच एका आईनं गेल्या उन्हाळ्यात मला जिन्यात गाठलं. "मॅडम, इंजेक्शनच्या दिवशी ह्याचे पाय बर्फात ठेवू का? मोबाइलवर दाखवतात, नसा वाचतात म्हणून." मुलगा सात-आठ वर्षांचा, ल्युकेमियाचा. आमचं बोलणं चालू असतानाच तो दोन पायऱ्या चढला. एक चप्पल खालीच राहिली होती आणि त्याला पत्ता नव्हता. डॉक्टरांना हे सांगितलंत का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तिथं किती गर्दी असते. जीव वाचतोय, पायाचं काय सांगायचं?"

फिजिओथेरपीत माझा जन्म गेला. "पायाचं काय सांगायचं" हे वाक्य मी नव्वदच्या दशकात रोज ऐकत होते. पंचवीस वर्षांनंतरही ते तसंच ऐकावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

त्याआधीचा काळ पटकन सांगता येतो. १९४१ मध्ये परळला टाटा रुग्णालय उभं राहिलं. १९५८ च्या सुमारास सदाफुलीतून पेशींची वाढ रोखणारी द्रव्यं हाती येऊ लागली आणि १९६३ मध्ये त्यातलं व्हिन्क्रिस्टिन हे औषध अमेरिकेत वापरात आलं. पनवेलच्या अर्ध्या गॅलऱ्यांत फुलते तीच ही सदाफुली. मुलांच्या ल्युकेमियात आजही व्हिन्क्रिस्टिनवाचून चालत नाही. आपल्याकडे मात्र ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत असं मूल बरं होणं ही अपवादाची गोष्ट होती. मग मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांनी एमसीपी ८४१ नावाची एकच उपचारपद्धती राबवली आणि निम्म्याच्या आसपास मुलं वाचू लागली. मोठं काम होतं ते. त्याचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयात लागले ती याच बदलाच्या ऐन भरात. वॉर्डात मुलं जगताना दिसत होती आणि जगलेली मुलं पाय आपटत चालत होती. माणगावकडचा एक नऊ वर्षांचा मुलगा आठवतो. तो पॅसेजमधून यायला लागला की दारामागूनही ओळखू यायचा. पाऊल घोट्यातून वर उचललं जात नसे, म्हणून तो गुडघा उंच उचलायचा आणि पाऊल थपकन जमिनीवर पडायचं. टाचांवर उभं राहा म्हटलं की भिंत धरायचा. शर्टाचं वरचं बटण आई लावून द्यायची, पेन्सिल बोटांतून गळायची. पहिल्या इंजेक्शनानंतर त्याचा जबडा असा दुखला की दोन दिवस तो जेवला नाही. घरच्यांना वाटलं, दाढ किडली. शौचाला होईना, तेव्हा आजीनं एरंडेल पाजलं. जबडा, पोट, पाय, बोटं, सगळ्यांच्या मुळाशी एकच औषध आहे, हे त्या माउलीला कुणी नीट समजावलं नव्हतं.

कारण काही गूढ नाही. पेशी दुभंगताना ज्या अतिसूक्ष्म नलिका लागतात, त्या व्हिन्क्रिस्टिन मोडून टाकतं. म्हणून कर्करोगाची पेशी मरते. पण चेतातंतूच्या आतली ने-आणही अशाच नलिकांवरून चालते. रस्ता खचला की टोकाच्या गावची एसटी आधी बंद होते, तसं सर्वांत लांबच्या, म्हणजे पावलांकडे जाणाऱ्या नसा आधी रुसतात.

आम्ही रात्री घोटा काटकोनात राहावा म्हणून प्लास्टरच्या पट्ट्या बनवून द्यायचो. दिवसा पोटरी ताणायची, वाळूत बोटं रुतवायची, मण्यांत दोरा ओवायचा. तेव्हाचे काही निवासी डॉक्टर मुलाशेजारी जमिनीवर बसून हातोडीनं घोट्याचा झटका बघत, नादकाटा कंप करून अंगठ्याला लावत आणि निकाल केसपेपरवर लिहीत. ती सवय पुढे विरत गेली. आता फाइल जाड झाली आहे, रक्ताचे आकडे दशांशापर्यंत असतात आणि पायातले मोजेसुद्धा न काढता मूल ओपीडीतून बाहेर येतं.

नव्वदच्याच दशकात एका वरिष्ठ डॉक्टरांनी भर राउंडमध्ये मला सुनावलं होतं, "बाई, आधी जगू दे त्याला, मग चालवा." त्या बोलण्याचा राग मला आजही आहे. आजूबाजूला मुलं जात होती, डॉक्टरांवरचा ताण मी बघत होते. पण माणगावकडचा तो मुलगा जगला. शाळेत परतला तेव्हा पीटीच्या तासाला त्याला आळशी ठरवून बाजूला बसवलं. औषध थांबल्यावर बहुतेकांचे पाय काही महिन्यांत सुधारतात, काहींचं दुखणं वर्षानुवर्षं रेंगाळतं. त्या रेंगाळणाऱ्यांचा हिशेब कोण ठेवत होतं? टाटात १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकारानं उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक सुरू झालं, तेव्हा आमच्यासारख्यांना फार हायसं वाटलं होतं. बरं झालेल्या मुलाकडेही बघायचं असतं, हे कुणीतरी मानलं होतं. तशी क्लिनिकं जिल्ह्याजिल्ह्यांत व्हायला हवी होती. झाली नाहीत.

पुढची वर्षं इमारतींची. खारघर वाढलं, राहण्याच्या सोयी वाढल्या, २००६ पासून सेंट ज्यूडच्या केंद्रांनी कितीतरी कुटुंबांना फुटपाथवरून उचललं. नसांच्या बाबतीत सांगण्यासारखं फार थोडं घडलं.

मग २०१८ मध्ये जपानमधून थंडीची बातमी आली. नसांना असाच त्रास देणारं पॅक्लिटॅक्सेल हे औषध घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांना एकाच बाजूला गोठवलेला हातमोजा नि पायमोजा घातला, दुसरी बाजू तशीच ठेवली. ३६ जणींच्या नोंदी तपासल्या. थंड ठेवलेल्या हातांपैकी सुमारे २८ टक्के हातांची स्पर्शसंवेदना कमी झाली, उघड्या हातांपैकी ८१ टक्के. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोचतं, असा त्यामागचा तर्क. तोंड येऊ नये म्हणून काही औषधांच्या वेळी बर्फ चघळायला देतात, त्याचंही हेच. एवढ्या स्वस्त उपायानं मला मनापासून आनंद झाला होता.

पण त्या प्रौढ बायका होत्या आणि त्यांचं औषध तासभर थेंबथेंब जात होतं. व्हिन्क्रिस्टिन काही मिनिटांत शिरेत जातं आणि शरीरात काही दिवस रेंगाळतं. तेवढा वेळ कुठल्या मुलाचे पाय गार ठेवणार? ल्युकेमियाच्या पेशी रक्तातून अंगभर फिरतात आणि गार भागात औषध कमी पोचलं तर तिथं त्या वाचू शकतात, म्हणून केस वाचवणारी थंड टोपी या आजारात वापरत नाहीत. हातापायांच्या बाबतीतही हा प्रश्न आधी सोडवायला हवा. ज्या पायाला चप्पल निसटलेली कळत नाही, त्याला बर्फानं कातडी भाजलेलीही कळणार नाही. आणि व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर झिरपलं तर तिथे शेक द्यायचा असतो, बर्फ लावायचा नसतो. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठीसुद्धा थंड मोजे अभ्यासाबाहेर वापरा असं सांगितलेलं नाही. त्या आईला मी हे सगळं जिन्यात बसून सांगितलं. बर्फ नको म्हटलं, त्याबरोबर इंजेक्शन स्वतःहून चुकवू नका, हेही बजावलं.

तिच्या हाती मोबाइलवरचा व्हिडिओच का यावा, हे माझं खरं दुखणं आहे. इतकी मुलं एका आवारात जगात फार थोड्या ठिकाणी येतात. थंडी मुलांच्या नसांना उपयोगी की घातक, किती वेळ, कोणत्या औषधाबरोबर, याचं उत्तर शोधायला खारघरइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. तिथल्या तज्ज्ञांनी हा अभ्यास हाती घ्यावा आणि प्रत्येक वॉर्डाला फिजिओथेरपिस्टची पूर्णवेळ जागा द्यावी. आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी पुढच्या तारखेला गर्दीचा संकोच न करता त्याचे मोजे काढावेत, डॉक्टरांसमोर त्याला टाचांवर दहा पावलं चालायला सांगावं आणि जे दिसेल ते केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नये.