स्वरलिपीविषयीं चर्चा करतांना

छापलेली एकच ओळ पाहून दोन गायक निराळे स्वर गातात आणि दोघेहि शास्त्राला धरून असतात, हें कसें घडतें?

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतींत अक्षरावरील बिंदु तार सप्तक दाखवितो. १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या पद्धतींत तोच बिंदु मंद्र सप्तकाचा. एका टिंबानें षड्ज दोन सप्तकें खालीं उतरतो! अक्षरावरील उभी रेघ भातखंडे पद्धतींत मध्यम तीव्र करते. पलुसकर पद्धतींत ती तार सप्तकाची खूण होय.

म्हणून चर्चा करणारांनीं तीन नियम पाळावेत. लिपि कोणत्या पद्धतीची, हें आरंभींच सांगावें. चिजेसोबत राग, ताल व समेची जागा लिहावी. पाठभेद दिसल्यास तो परंपरेचा कीं छपाईचा, हें पाहिल्यावांचून कोणाला चूक ठरवूं नये.

मींड-आंदोलनाची खूण कागदावर उमटते, गोडी मात्र गुरुमुखांतूनच कळते. पण गुरु हयात नसतां लिपि हाच आधार उरतो. आणि चुकीचें वाचन एकदां शिष्यांच्या गळ्यांत उतरलें, कीं तेंच परंपरा म्हणून मिरवूं लागतें.