पंधरापैकी सहा

रात्रीचे पावणेदोन वाजले आहेत. मिरजेतल्या एका इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, मेंदूच्या अतिदक्षता विभागाबाहेर, आम्ही पंधरा-सोळा माणसं बसलो-लवंडलो आहोत. जानेवारीची थंडी फरशीतून वर येते आहे. चटया, गोधड्या, डब्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. भिंतीवरच्या एकाच प्लगला तीन घरांचे मोबाइल आळीपाळीने लागतात. माझे मावसभाऊ आत दोन नंबरच्या खाटेवर आहेत. वय अडुसष्ट, मेंदूत रक्तस्राव. आत एकूण आठ खाटा. त्यांतल्या पाच खाटांवर तिशीच्या आतली पोरं आहेत आणि पाचही जण दुचाकीच्या अपघातातले.

दार किलकिलं होतं. "बेड नंबर चार! नातेवाईक!"

गोधडी बाजूला सारून एक बाई उठतात. तासगावच्या बाजूच्या खेड्यातल्या. पदर सावरत दाराशी जातात. सिस्टर औषधाची चिठ्ठी देते. ती हातात घेऊन बाई विचारतात दुसरंच.

"किती हाय आज?"

"सहा."

बाई परत येतात, नवऱ्याशेजारी बसतात आणि हळू सांगतात, "सहा म्हणाली. काल पाच हुता."

हा आकडा शुद्धीचा. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, यावरून डॉक्टर गुण देतात. पूर्ण शुद्धीवरचा माणूस पंधरा. सगळ्यात खाली तीन, तीनच्या खाली आकडाच नाही. या बाईंना इथे येऊन अकरा दिवस झाले आहेत. शाळा तिसरीपर्यंत. पण ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ साली बसवलेलं हे माप त्यांना आता धारेच्या दुधासारखं समजतं. पोरगं पहिल्या दिवशी चार होतं. मग पाच. आज सहा.

मुलगा वीस वर्षांचा. त्याच्या कवटीचा एका बाजूचा तुकडा काढून ठेवला आहे, सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून. कुठे ठेवला आहे हे आईनेच मला परवा सांगितलं, स्वतःच्या पोटावर हात ठेवून. "हितं. त्याच्याच पोटात, कातड्याखाली. तीन म्हैन्यांनी काढून परत डोक्याला बसवणार म्हणं." तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर तो पोटावरचा हात आहे.

त्या रात्री मित्राचा वाढदिवस होता. बाराला केक कापला, धाब्यावर जेवले, आणि तिघे एका गाडीवर निघाले. दोनशे सीसीची गाडी. चालवणारा हा. मधला मुलगा हात लांब करून मीटरवरचा आकडा मोबाइलमध्ये टिपत होता. उसाचा हंगाम चालू आहे. पुढे ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मधला जागीच गेला. तिसऱ्याची मांडी मोडली, तो खाली हाडांच्या वॉर्डात आहे. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवर बीडकडची ऊसतोड मंडळी होती. त्यांनी तिघांना उचललं, एका बाईने आपल्या लुगड्याचा पदर फाडून याच्या डोक्याला बांधला आणि १०८ ची गाडी येईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. तिचं नाव या घरातल्या कुणालाच माहीत नाही.

ट्रॉलीला दिवा नव्हता, हे वडील दर दोन तासांनी सांगतात. खरंच सांगतात. तो गुन्हा ज्याचा आहे त्याच्या पदरी बांधायलाच हवा. पण पहिल्या रात्री डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले, तेव्हा मी इथेच होतो. "काही घेतलं होतं का? पोलिसांसाठी नाही विचारत, भूल द्यायची आहे." वाढदिवस असलेला मित्र खाली बघत म्हणाला, "एक-एक बिअर." आणि दुसरा प्रश्न हेल्मेटचा. त्यावर वडील म्हणाले, "हाय की घरात. गाडीबरोबरच आलंय. कपाटावर हाय. अजून प्लास्टिक काढल्यालं न्हाई."

नवी दुचाकी घेताना हेल्मेट सोबत द्यायचं, असा नियमच आहे. ते मिळतं, घरी येतं आणि कपाटावर जातं. हेल्मेट घातलेल्याला डोक्याची इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, मरणाचा ४२ टक्क्यांनी. अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून काढलेले हे आकडे आहेत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली. ३५,६९२ चालवणारी, १४,३३७ मागे बसलेली. हे मी मघाशी मोबाइलवर वाचलं आणि मग त्याच अहवालातला दुसरा आकडा बघितला: जखमी ४,४३,३६६. बेड नंबर चार असल्याच आकड्यातला एक. पण जखमींची मोजणी तिथेच थांबते. त्यांच्यापैकी किती जण परत चालले, किती जण आईला ओळखतात, किती घरांनी काय काय विकलं, याचा रकाना त्या अहवालात नाही.

तो रकाना इथे आहे. वडिलांच्या बंडीच्या खिशात एक छोटी वही आहे. ऑपरेशनचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतो आहे. रेशनकार्ड, आधार सगळं आरोग्यमित्राच्या खिडकीवर दिलेलं आहे आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत सरकार भरतं. ती योजना नसती तर हे कुटुंब दुसऱ्याच दिवशी संपलं असतं. पण वहीतलं योजनेत बसत नाही. डायपर. नळीतून द्यायची पावडर. दोघांचं जेवण, चहा, रिक्षा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. ती घरी नेल्यावरही लागणार. बोरमाळ पतसंस्थेत ठेवली. एक म्हैस दिली. आणि खरा घाव वहीत लिहिलेलाच नाही: तीस गुंठे द्राक्षबाग ऐन काढणीच्या तोंडावर आहे, अकरा दिवस तिच्याकडे कुणी बघितलेलं नाही. "भुरी आलीया," ते म्हणतात. "भाऊ फवारतो म्हनला हुता. पण आता त्यो कशाला यील?"

त्यो म्हणजे चुलतभाऊ. गाडीवर मधे बसलेला मुलगा त्यांचा. दोन्ही घरांची बांधाला बांध जमीन आहे. एकमेकांच्या बागेत सावडीने छाटणी, विरळणी, पिढ्यान्‌पिढ्या. काल त्या मुलाचा दहावा झाला. हे गेले नाहीत, निरोप आला होता की येऊ नका.

अडीचच्या सुमाराला वडील माझ्याजवळ सरकतात. "पाव्हणं, तुमचा चष्मा हाय. एवढं बघा बरं, बरोबर हाय का." एक चुरगळलेला कागद. त्यांचे साडू वकिलाकडे कारकून आहेत, संध्याकाळी त्यांनी हिशेब करून दिला आहे. चुलतभावाने दावा लावला तर किती, याचा.

मी दिव्याखाली जाऊन वाचतो. गेलेला मुलगा एकवीस वर्षांचा, कुपवाडच्या एमआयडीसीत महिना १५,००० रुपये. त्यावर पुढच्या वाढीचे चाळीस टक्के धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात ठरवून दिलं: २१,०००. मुलगा अविवाहित, म्हणजे निम्मे त्याने स्वतःवर खर्च केले असते असं समजून वजा: १०,५००. गुणिले बारा, १,२६,०००. आणि गुणिले अठरा. पंधरा ते पंचवीस वयाला अठराने गुणायचं, असा तक्ता २००९ सालच्या सरला वर्मा निकालात आहे. बावीस लाख अडुसष्ट हजार. ट्रिपल सीट बसला म्हणून थोडं कमी होईल, असं साडूंनी खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे.

गुणाकार बरोबर आहे. मी तसं सांगतो.

"हे विमा कंपनी देईल ना?"

मी विम्याचा कागद मागतो. मोबाइलवर त्याचा फोटो आहे. गाडीला तीन वर्षं होत आली. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा गाडी घेतानाच सक्तीने उतरवलेला असतो, तो आहे. गाडीच्या नुकसानीचा आणि बाकीचा भाग पहिल्या वर्षानंतर भरलेला नाही. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात मागे बसलेला माणूस येत नाही, हेही न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. त्यात चालवणाऱ्याकडे फक्त शिकाऊ लायसन होतं, तेही मुदत संपलेलं. आणि गाडी वडिलांच्या नावावर आहे, कारण कर्ज त्यांच्या नावावर मिळालं. कोर्टापुढे गाडीचा मालक म्हणून उभं राहायचं ते त्यांनीच.

हे सगळं मी त्यांना एका दमात सांगत नाही. सांगतो एवढंच की चांगला वकील बघा, आणि शक्यतो भावाशी बोला. ते कागद घडी करून वहीत ठेवतात. बराच वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, "त्याच्या पोराची किंमत करायला लावली मला. मीच करून बघितली."

दिवसा भेटायला येणारे सगळे एकच वाक्य बोलून जातात: तरणं रगत हाय, व्हायचंच. या वाक्याचा मला राग येतो. एका रात्रीच्या वेगाचं बिल तो मुलगा एकटाच फेडतो आहे, असं त्या वाक्यात धरलेलं असतं. तो तर आत निपचित आहे. त्याला काही कळत नाही. फेडणारे बाहेर चटईवर आहेत.

त्यांतली सगळ्यात मोठी रक्कम जी भरणार आहे ती आता जिन्याच्या पायरीवर बसली आहे. त्याची बहीण, बारावी सायन्सला. बोर्डाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मांडीवर रसायनशास्त्राचं गाईड आहे, पण त्यावर ठेवलेल्या वहीत ती जे लिहिते आहे ते रसायनशास्त्र नाही. मी वाकून बघतो: 'दर २ तासांनी २०० मिली. आधी नळीत ओढून बघायचं. डोकं उंच ठेवायचं. नंतर पाणी ५० मिली.' सिस्टरने काल तिला शिकवलं. गळ्याला छिद्र पाडून घातलेली नळी कशी साफ करायची, हे उद्या शिकवणार आहे. घरी नेल्यावर हे कुणी करायचं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुणी काही ठरवलं नाही. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, इतकंच.

"आणि परीक्षा?" मी विचारतो.

"आबा म्हणतात, पुढच्या वर्षी बस."

"प्रात्यक्षिकं?"

ती गाईडच्या पानाचा कोपरा दुमडते, परत सरळ करते. "दादा कधीतरी उठंल की काका. सहा झालाय."

मला पुढचं वर्ष दिसतं. पुढच्या वर्षी सहाचे दहा झालेले असतील, कदाचित बाराही. तो खुर्चीत बसेल, एक हात हलेल, काही शब्द बोलेल, मधेच चिडून ताट फेकेल. डोक्याला मार लागलेल्यांचं असं होतं, ते मी आमच्या नात्यात बघितलं आहे. आणि ताट उचलायला ती असेल. शेती वाचवायची तर आईला बागेत जावंच लागणार. हिच्या वाट्याला आलेली शाळा, कॉलेज, सकाळची एसटी हे सगळं त्या मीटरवरच्या आकड्यात गेलं, आणि ती त्या गाडीवर बसलेलीही नव्हती.

गाडीसाठी पोराने चार दिवस जेवण सोडलं होतं, असं आई सांगतात. गावात एसटी दिवसातून दोनदाच. कॉलेजला जायचं कसं, हा प्रश्न खरा होता. त्याला शंभर सीसीची जुनी गाडीही पुरली असती. पण सगळ्यांकडे तसली होती. गाडी आता पोलीस ठाण्याच्या आवारात आहे, पुढचं चाक दुमडलेली. हप्ता चालू आहे. काल फायनान्सवाल्याचा फोन आला, तेव्हा वडिलांनी अपघाताचं काही सांगितलंच नाही. "पाच तारखेला भरतो," म्हणाले.

सहा वाजतात. व्हरांड्याच्या खिडकीतून उजाडताना दिसतं. खाली चहाची गाडी लागली आहे. फाटकातून एक मोटारसायकल आत येते. तीन पोरं, पुढच्याच्या गळ्यात डब्याची पिशवी, मागच्याच्या हातात दुधाची किटली. तिघांच्या डोक्यांना मफलर. मधला तो, ज्याचा वाढदिवस होता. अकरा दिवस ही पोरं रोज डबा आणताहेत, दोघांनी रक्तही दिलं आहे. चांगली पोरं आहेत.

वडील माझ्या शेजारी येऊन उभे राहिलेले मला कळतच नाहीत. ते बघतात. काही न बोलता जिन्याकडे जातात. मुलगी पायरीवरून उठून त्यांना वाट देते.

वरून आवाज येत नाही, फक्त दिसतं. ते गाडीपाशी जातात. हात पुढे करतात. पुढचा मुलगा पिशवी देऊ लागतो. ते मान हलवतात, हात तसाच ठेवतात. थोडा वेळ चौघेही नुसते उभे. मग तो मुलगा गाडीची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवतो. ते ती बंडीच्या खिशात, वहीशेजारी टाकतात. मग पिशवी आणि किटली घेतात.

वर आल्यावर ते बायकोला सांगतात, "घरनं हेल्मेट घेऊन या म्हणलं, कपाटावरचं. मग न्या गाडी. एका टायमाला दोघंच."

"बेड नंबर चार!" सिस्टर हाक मारते. या वेळी मुलगी पुढे होते, वही हातात घेऊन. पोरं एसटी स्टँडकडे चालत निघाली आहेत.