पॉइंट बावीसची नळी बदलण्याआधी



दिनांक 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून पदक आणले, त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदकासाठी 72 वर्षे थांबावे लागले. त्याआधी कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या आणि राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. तिघांची हत्यारे निराळी, पण काडतूस एकाच मापाचे, पॉइंट बावीस.

ऊसपट्ट्यातली पोरे आता या खेळाकडे वळू लागली आहेत. हत्यार महाग, काडतुसे महाग. घरच्यांचे उसाचे बिल त्यात जाते. अशात नेम हुकायला लागला की कुणीतरी हमखास सांगतो, "नळी गेली, बदलून टाक." म्हणून या विषयावर चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हाला वाटले.

या काडतुसाला रिमफायर म्हणतात. त्याचा बार बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळ घडीत असतो. पिन त्या कडेवर आपटते आणि सुमारे अडीच ग्रॅमची शिशाची गोळी सुटते. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात; त्या गोळीला गिरकी देतात, म्हणून ती सरळ जाते. या नळीचा पीळ साधारण 16 इंचाला एक फेरा एवढा असतो आणि 25 मीटर स्पर्धेच्या पिस्तुलाची नळी 153 मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. म्हणजे गोळी नळीत असताना अर्धी गिरकीसुद्धा पुरी करत नाही! एवढ्याशा वळणावर सगळा नेम. अचूक नेमाच्या फेरीत दहा गुणांचे वर्तुळ अवघे 50 मिलिमीटरचे.

आपल्या मिलच्या रोलरच्या खाचा एका हंगामात झिजतात, कारण पोलादावर माती-वाळूसकट ऊस दाबला जातो. इथे तसे नाही. गोळी मऊ शिशाची, वर मेणासारखे वंगण, दाबही बेताचा. त्यामुळे ही नळी हजारो काडतुसे पचवते. ती बिघडते ती बहुधा माणसाच्या हातून. काडतूस न घालता चाप ओढत राहिले, तर काही पिस्तुलांत पिन थेट नळीच्या मागच्या काठावर आपटते. तिथे खळगा पडतो, बुरी येते आणि काडतूस अडकायला लागते. दुसरे कारण म्हणजे साफसफाईची सळई. ती पुढून तिरकी घुसवली तर नळीच्या तोंडाची धार मोडते. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्याच धारेला होतो. ती एका बाजूने मोडली की गोळी भरकटते.

म्हणून नळीला दोष देण्याआधी क्रमाने बघावे. पिस्तूल रिकामे आहे ना, हे आधी दोनदा तपासावे. नळी धरून ठेवणारे स्क्रू आणि नेमाची पट्टी ढिली झाली आहे का? नळीच्या मागच्या तोंडाशी काजळीचे कडे साचले आहे का? काडतुसांचा लॉट बदलला आहे का? एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येसुद्धा फरक पडतो. शेवटी रेंजवर प्रशिक्षकासमोर पिस्तूल शिकंज्यात बांधून दोन-तीन लॉटची काडतुसे मारावीत. शिकंज्यात गोळ्या एका जागी पडल्या, तर नळी ठणठणीत आहे आणि दुरुस्ती हाताची करायची आहे. तिथेही त्या विखुरल्या, तरच नळीचा विचार करावा.

नळी बदलणे म्हणजे पाइप बसवणे नव्हे. काडतुसाची कड जेमतेम एक मिलिमीटर जाड. तिच्यासाठी मागे सोडलेली जागा कमी पडली तर पिस्तूल बंद होत नाही. जास्त झाली तर बार हुकतो, किंवा काडतुसाचे पितळ फाटून गरम वायू मागे येतो. शिवाय रिकामे काडतूस ओढणारा आकडा नव्या नळीशी जुळावा लागतो. बसवल्यावर पुन्हा शिकंज्यातली चाचणी आलीच.

आता सर्वांत महत्त्वाचे. समजा, तुमचा मुलगा नोकरीसाठी मीरा-भाईंदरला आहे आणि लोकल पकडून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव करतो. भाईंदरमध्ये स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, हात बसलेले लेथवाले आहेत. आपल्या गावातही इंजिनाचा बोअर करणारा मिस्त्री असतोच. "एवढी नळी काय, तासाभरात करून देतो," असे कुणी म्हणेल. त्याला हात जोडावेत. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे शस्त्राचा भागसुद्धा शस्त्रच. विनापरवाना शस्त्र बनवणे वा दुरुस्त करणे याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. नळी कापून आखूड करणे आणि ओळखीचा नंबर खोडणे हेही गुन्हेच. बिचारा मिस्त्री आणि आपला मुलगा, दोघेही अडकतील.

तेव्हा काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्यावे, पावती घ्यावी आणि नळीवर नंबर असेल तर जुन्या-नव्याची नोंद कशी करायची हे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आधी लेखी विचारावे. मीरा-भाईंदर पूर्वी ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होते. 1 ऑक्टोबर 2020 पासून तिथे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. तेव्हा तिथे राहणाऱ्याने आता आयुक्तालयात चौकशी करावी, आणि गावाकडचा परवाना घेऊन तिकडे गेलेल्याने पत्ता बदलल्याचे कळवावे.

ज्या सभासदांकडे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक आहे, त्यांनाही हाच कायदा लागू आहे. त्यांच्या बंदुकीची नळी मोठी, एवढाच फरक. ती खराब झाली तर लोहाराकडे नेण्याआधी परवान्याचे पुस्तक काढून बसावे.