शटर अडलं तर आधी मोटारीवर आळ नको

माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी इकडचं शिवार बागायती केलं. ऊस वाढला, उसाच्या आडोशाने बिबट्याही मुक्कामाला आला. येडगाव परिसरात मळ्यातल्या घरांना शटर लागतं ते त्यामुळेच. आत ट्रॅक्टर असतो, पिकअप असते, खताच्या गोण्या असतात आणि पुष्कळदा शेळ्याही. हल्ली शटरला मोटार आणि रिमोट आले. पण दिवेलागणीला ते फूटभर वर अडकलं, की घरादाराच्या जिवाला घोर. मग पहिला आळ मोटारीवर येतो, आणि तो बऱ्याचदा खोटा ठरतो.

दोष दारात आहे की विजेत, हे आधी ठरवावं. मेन स्विच बंद करा. बाजूला मोटार असेल तर हातसाखळी ओढा. मोटार मधोमध असेल तर क्लचची दोरी ओढून शटर हाताने उचला. मात्र अर्धवट अडकलेल्या शटरचा क्लच सोडू नका. ते धाडकन खाली येतं. हाताने शटर सुरळीत चाललं तर दोष विजेच्या बाजूला. जड लागलं, तिरकं झालं किंवा एकाच जागी अडलं तर दोष दारात.

विजेच्या बाजूला आपल्याकडचा नेहमीचा आरोपी म्हणजे पडलेलं व्होल्टेज. मळ्यातली घरं अनेकदा शेतीपंपांच्याच लाइनवर असतात. पंप सुरू झाले की 230 व्होल्टचे 180 होतात. सुरू होताना मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे 180 व्होल्टवर तो जेमतेम 61 टक्के उरतो. मोटार गुणगुणते, पण शटर हलत नाही. अशा वेळी बटण दाबून धरू नका, मोटार जळेल. पंप बंद असताना करून पाहा. व्होल्टेज पुरेसं असूनही नुसती गुणगुण येत असेल तर कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता मोठी. आणि चार-पाचदा वर-खाली केल्यावर मोटार गप्प झाली असेल तर ती तापून आपोआप बंद पडली आहे. वीस-पंचवीस मिनिटं थांबा.

भिंतीवरच्या बटणाने शटर चालतं आणि रिमोटने नाही, तर मोटार निर्दोष. रिमोटचा सेल बदला. बऱ्याच रिमोटमध्ये 12 व्होल्टचा छोटा 27ए सेल असतो, तो घेताना जुना सोबत न्यावा. शटर जमिनीला टेकल्यावरही मोटार फिरत राहून पट्ट्या सैल पडत असतील, किंवा ते वरपर्यंत न जाता थांबत असेल, तर लिमिट स्विचची जागा सरकली आहे.

आता दार. दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये बॅटरीचा उजेड टाकून पाहा. कुंभारमाशीचं अंगठ्याएवढं मातीचं घर पुरतं. पट्टीचं टोक तिथेच ठेचतं. खालच्या टोकाला खडे, भुसा आणि सुकलेला चिखल साचतो. हे सगळं कोरड्या ब्रशने काढा. खाचेत ग्रीस मात्र भरू नका. त्यावर धूळ बसून दोनच महिन्यांत लगदा होतो. सिलिकॉनचा हलका फवारा पुरे.

अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या दाराच्या मोटारींना 1993 पासून अडथळा ओळखून उलट फिरण्याची सोय सक्तीची आहे. आपल्या साध्या शटरांना बहुधा ती नसते. म्हणून चालत्या शटरखालून पोरांना पळू देऊ नये. सेन्सर बसवलेला असेल आणि शटर खाली येता येता परत वर जात असेल, तर त्याच्या काचेवरची धूळ आणि जाळं आधी पुसा.

वरच्या डब्यातल्या स्प्रिंगला कोणीही हात लावू नये. ती ताणलेली असते. बोल्ट सुटला तर हात मोडतो. वाकलेली पट्टी, तुटकी साखळी, कंट्रोल बॉक्समधून जळका वास, ही कामं मिस्त्रीची. त्याला नारायणगावहून बोलावताना फोनवर तीनच गोष्टी सांगा: हाताने शटर चालतं का, भिंतीच्या बटणाने चालतं का, आणि मोटार गुणगुणते की मुकी आहे. तेवढ्यावरून तो नेमका पार्ट पिशवीत टाकून निघेल आणि काम एका खेपेत उरकेल.