कॉफीच्या कटिंगला नारळपाणी की रूटिंग पावडर? आधी हिशोब करा!

चिकमगळूर, कोडगूकडे रोबस्टा कॉफीची रोपं विकणारी नर्सरी चालवता, किंवा सुरू करायचं ठरवताय? मग आजचा विषय तुमच्यासाठीच.

आधी प्रश्न, कटिंग कशाला? अरेबिका स्वतःच्याच परागावर फळते, म्हणून तिचं बी बरंचसं आईसारखं निघतं. रोबस्टाला मात्र दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. त्यामुळे बियांपासून केलेली रोपं एकसारखी येत नाहीत. चांगल्या झाडाची हुबेहूब नक्कल हवी तर कटिंगच.

कटिंग सरळ उभ्या वाढणाऱ्या धुमाऱ्याचं घ्या. आडव्या फांदीचं घेतलं तर मुळं फुटतील, पण रोप आडवंच पसरेल. पानं अर्धी कापा, सावली आणि दमट हवा ठेवा.

आता घरगुती उपाय. मुळं फुटायला मुख्यतः ऑक्सिन हे संप्रेरक लागतं. बाजारातल्या रूटिंग पावडरमध्ये तेच असतं. नारळपाण्यात ऑक्सिन आहे, पण सायटोकायनिनही भरपूर आहे आणि ते कोंब फुटायला जास्त मदत करतं. शिवाय नारळपाण्यात साखर असते, म्हणजे बुरशीला आमंत्रण! ताजंच वापरा, उरलेलं ठेवू नका. कोरफडीचा गर आणि शेवग्याच्या पाल्याचा रसही लोक वापरतात. पण झाडागणिक, हंगामागणिक या अर्कांची ताकद बदलते, आणि खरी अडचण तीच आहे.

म्हणून सगळा माल एकदम लावू नका. एकाच झाडाची, एकाच दिवशी कापलेली 50-50 कटिंगं घ्या. एक गट साध्या पाण्यात, एक अर्कात, एक रूटिंग पावडरमध्ये. प्रत्येकावर पाटी लावा. मुळं धरायला काही महिने जातात, तेव्हा लक्षात राहील या भरवशावर राहू नका.

शेवटी हिशोब जगलेल्या रोपाचा करायचा. समजा साध्या पाण्याच्या गटाला 400 रुपये खर्च आला आणि 20 जगली, तर रोप पडलं 20 रुपयांना. अर्कामुळे खर्च 450 झाला आणि 30 जगली, तर 15 रुपयांना. पण 21च जगली तर? साडेएकवीसच्या आसपास! म्हणजे ‘नैसर्गिक’ असूनही तोटाच.

रोप घेणारा शेतकरी फळासाठी तीन-चार वर्षं थांबतो. मुळं तपासल्याशिवाय त्याला रोप देऊ नका. विश्वास एकदा गेला की गिऱ्हाईक परत येत नाही.

तुमच्या गटांचे आकडे कॉमेंटमध्ये लिहा, आपण मिळून हिशोब मांडू!